परक्या बंदरातलं ठिगळ

बोट धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नांगर टाकून उभी होती आणि कुणालाही खाली उतरायची परवानगी नव्हती. परक्या बंदराला लागून आलेल्या बोटीला हा नियमच आहे. आधी कस्टमवाले येणार, मासे ठेवायचा खण उघडून बघणार, डिझेल किती उरलं ते पाहणार, जकातीच्या मालाच्या कपाटावरचं सील तपासणार, कुठे सिगरेटी दडवल्यात का म्हणून गाद्या उलट्या करणार, आणि मग माणसांना आपल्या घरी जाता येणार. तोवर घराचं कौल समोर दिसत असलं तरी बघत बसायचं.

थोरल्याची बायको सकाळपासून धक्क्यावर उभी होती. तिचा आवाज मुळात मोठा, आणि आज मध्ये पाणी असल्यामुळे तिला तो आवरायचंही कारण नव्हतं.

"इतके दिवस कुठे होतात?"

"सुकाणू मोडलं!" थोरला ओरडला.

"काय?"

"सुकाणू! सु-का-णू!"

"मासे आहेत का?"

"आहेत!"

"तुम्ही बरे आहात ना?"

हा प्रश्न तिसरा आला, पण आला. बोटीवरचे दोघं खलाशी हसले. थोरल्याला हसू आलं नाही. तो गुंडाळलेल्या जाळ्याला पाठ टेकून बसला होता आणि कस्टमच्या साहेबांना काय सांगायचं ते मनातल्या मनात घोळवत होता.

यंदा जवळच्या समुद्रात मासळी नव्हती. सगळ्यांच्याच बोटी रिकाम्या परतत होत्या. म्हणून थोरल्याने बोट लांब नेली, जिथे त्याचे वडील नेत असत त्याच्याही पुढे. मासळी सापडली. खण भरला. आणि परतायच्या दिवशी वारा उलटला, सुकाणू मोडलं, जाळं खडकाला अडकलं. ते ओढून काढलं तेव्हा त्याला बैलगाडी आरपार जाईल एवढं भगदाड पडलं होतं. समोर दिसलेल्या बंदरात शिरण्यावाचून इलाज नव्हता. ते बंदर दुसऱ्या देशाचं होतं.

त्याला ते बंदर ठाऊक होतं. वडील बोट चालवत होते तेव्हा एकदा तिथे थांबले होते. धाकटा प्यायचं पाणी आणायला म्हणून हंडे घेऊन उतरला. हंडे नळापाशी सापडले, धाकटा सापडला नाही. बोट परत आली तेव्हा इथल्या कस्टमवाल्यांनी वडिलांना विचारलं, नेलेली माणसं आणि आणलेली माणसं यांचा मेळ का बसत नाही? वडिलांना उत्तर देता आलं नाही. बोट कितीतरी दिवस अडकून पडली. धाकट्याच्या नावापुढे 'बेपत्ता' असं लिहिलं गेलं तेव्हा कुठे सुटली. वडील त्यानंतर त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत आणि न बोलताच गेले. आई मात्र परतणाऱ्या प्रत्येक बोटीला विचारायची. मग एके वर्षी तिने विचारणं बंद केलं. लोकांना वाटलं, विसरली. थोरल्यालाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं.

या खेपेला सुकाणूचं काम चाललं असताना तिथल्या सुताराने त्याला सांगितलं, की पलीकडच्या शेडमध्ये जाळी शिवणारा एक जण आहे, तुमचीच भाषा बोलतो. थोरला गेला. शेडमध्ये एक पोट सुटलेला माणूस जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून डाव्या हाताने गाठी मारत होता. थोरला दारातच उभा राहिला.

"दारातून बाजूला हो, उजेड अडतोय," धाकटा वर न बघता म्हणाला. मग त्याने वर बघितलं.

दोघांनी मिठी वगैरे काही मारली नाही. धाकट्याने सुई खाली ठेवली आणि एक खोकं पुढे ओढून दिलं. थोरला त्याच्यावर बसला.

"बोट तीच आहे?" धाकट्याने विचारलं.

"तीच."

"बाबा?"

"गेले."

धाकट्याने मान हलवली. त्याला तिथे बायको होती, दोन मुलं होती. मुलांना आपली भाषा येत नव्हती. त्याने दोन दिवस बसून थोरल्याचं जाळं शिवून दिलं, स्वतःचं सूत घातलं, आणि थोरल्याने खिशात हात घातला तेव्हा असं बघितलं की थोरल्याने तो तसाच बाहेर काढला. काम करताना तो मासळीबद्दल, डिझेलबद्दल, तिथल्या शाळेबद्दल बोलला. आईचं नाव त्याने काढलं नाही. थोरला वाट बघत होता. शेवटी बोटीचा दोर सोडायच्या वेळी धाकटा जवळ आला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "कळलं तर वाट बघत बसेल. मी काही येत नाही."

"बरं," थोरला म्हणाला.

एवढंच. बोटीवर धाकट्याला ओळखणारा एकच माणूस होता, मामा. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ, वडिलांच्या वेळेपासूनचा खलाशी. बाकीचे दोघं नंतर आलेले, त्यांना तो नुसता जाळं शिवणारा वाटला. येताना वाटेत मामा एकदाच म्हणाला, "ताईला सांगायला हवं रे."

"सांगून काय होणार?"

"काय व्हायचंय? तिला कळेल."

"आणि मग मला रोज ऐकावं लागेल, तो कसा दिसतो, काय खातो. इतकी वर्षं घर मी ओढलं, मामा. माझ्याबद्दल कधी कुणी विचारलं, काय खातो म्हणून?"

मामा दोर आवरायला उठून गेला.

आता घोडं अडलं होतं ते जाळ्यापाशी. खलाशांनी स्वतःच्या हाताने परक्या बंदरात काही दुरुस्त केलं तर कस्टमवाल्यांची हरकत नसते. पण तिथल्या माणसाकडून काम करून घेतलं, तर ते आल्याआल्या सांगायचं आणि त्यावरची जकात भरायची. सुकाणूचं त्याने सांगायचं ठरवलं होतं. जाळ्याचं सांगितलं तर साहेब पुढे विचारणार, कोणी शिवलं, नाव काय. मग ते नाव धक्क्यावर सगळ्यांच्या कानांवर जाणार आणि संध्याकाळच्या आत आईच्या. म्हणून थोरल्याने ठरवलं, जाळं आम्हीच शिवलं म्हणायचं. खोटं पकडलं गेलं तर जाळंच जप्त होतं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. घरात दुसरं एवढं जाळं नव्हतं. हे गेलं की उरलेला हंगाम बोट धक्क्याला बांधून ठेवायची.

दुपारी साहेब आले. त्यांना सर्दी झाली होती. नाक लाल, हातात रुमाल, आणि माशांच्या वासाचा त्यांना पत्ताच नव्हता, त्यामुळे त्या दिवशी खण नेहमीपेक्षा बारकाईने तपासला गेला. मासळी ठीक निघाली. कपाटाचं सील शाबूत निघालं. सुकाणूचं थोरल्याने आपणहून सांगितलं, साहेबांनी लिहून घेतलं. बोट धक्क्याला लागली. बायको अगदी दोरापाशी येऊन उभी राहिली.

"आता जाळं पसरा," साहेब म्हणाले.

जाळं धक्क्यावर पसरलं. जुनं सूत उन्हापाण्याने राखाडी पडलेलं, आणि मधोमध चादरीएवढं नवं, हिरवट ठिगळ. ते न दिसायला साहेबांना सर्दीबरोबर आंधळेपणही यायला हवं होतं.

"हे कोणी शिवलं?"

"आम्हीच. बोटीवर बसून," थोरला म्हणाला.

"आम्ही म्हणजे?"

"सगळ्यांनी मिळून."

साहेब नाक पुसत ठिगळाजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मग त्यांनी शिपायाकडून सुई आणि सूत मागवलं आणि एकेका खलाशाला बोलावून म्हणाले, दोन गाठी मारून दाखवा. थोरल्याने मारल्या, मामाने मारल्या, त्या दोघांनी मारल्या. साहेबांनी त्या गाठी ठिगळाशेजारी धरल्या. सगळ्यांच्या गाठी एका बाजूला कलत होत्या आणि ठिगळातल्या सगळ्या दुसऱ्या बाजूला.

"तुमच्यात डावखुरा कोण आहे?"

त्या दोघा खलाशांची पाचावर धारण बसली होती. आणि अशा वेळी माणसाच्या डोक्यात जे पहिलं येतं ते थोरल्याच्या तोंडून निघून गेलं.

"आईने शिवलं, साहेब. इथेच. निघायच्या आधी."

"आत्ता तर बोटीवर म्हणालात."

"घाबरलो, साहेब. जुनंच ठिगळ आहे. तिच्या उजव्या हाताची बोटं आखडलीत, म्हणून डाव्या हाताने विणते."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. "बोलवा त्यांना," ते म्हणाले. "मला घरी जाऊन पडायचंय, पण बोलवा."

बायकोने सगळं ऐकलं होतं. ती थोरल्याकडे बघून एकदा डोळे मिटून उघडते काय आणि शिपायाच्या पुढे चालायला लागते काय! तिला शिकवावं लागत नसे. जाळं कोणी शिवलं हे तिला माहीत नव्हतं, पण आईने काय म्हणायचंय ते समजलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

थोरला जरा सावरला. आईवर त्याचा भरवसा होता. आई काही सत्याची पुतळी नव्हती. वडील होते तेव्हा एकदा तिने चोरून आणलेल्या साबणाच्या खोक्यावर ठाण मांडून कस्टमवाल्याला आपल्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकवली होती, आणि तो बिचारा औषध सांगून निघून गेला होता. बोटीवर वेळ आली की आई उभी राहते, हे घरात सगळे मानत. खरोखर तशी ती उभी राहतही आली होती.

आई आली. सुनेचा हात धरून, पण धक्क्यावर पाय पडताच तो सोडून. वाटेत सुनेने तिला पढवलं होतं हे थोरल्याला दोघींच्या चेहऱ्यांवरून दिसलं. आईने आल्याआल्या तोंड असं केलं, की फार दुखतंय पण साहेबांसाठी आलेय.

"या आजी," साहेब म्हणाले. "हे ठिगळ तुम्ही घातलंय का?"

"नाहीतर कोण घालणार?" आई म्हणाली. "या घरात सुई कोण हातात धरतं? या सगळ्यांना नुसतं फाडता येतं."

खलाशी हसले. साहेबही हसल्यासारखे झाले. थोरल्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"एकदा बघून सांगा," साहेब म्हणाले, "म्हणजे मी लिहितो आणि तुम्ही सगळे सुटता."

आई जाळ्याशेजारी बसली. डोळे तिचे अधू झाले होते, म्हणून तिने ठिगळ मांडीवर ओढलं आणि बोटांनी चाचपलं. बघायचं ढोंगच करायचं होतं, पण हात लावल्यावर तिला ढोंग करता येईना. तिची बोटं एका गाठीवर थांबली. पुढच्या गाठीवर गेली. मग तिने ठिगळाची कड शोधली, ती उलटी केली, आणि कडेच्या शेवटच्या गाठीवर अंगठा ठेवून बसून राहिली.

"आजी?" साहेब म्हणाले.

सून पुढे झाली. "उन्हातून चालत आल्यात, साहेब, जरा—"

"हे मी नाही शिवलं," आई म्हणाली.

थोरला घाईने वाकला. "आई, नीट बघ. तू अंगणात बसून नव्हतं का—"

"मला शिकवतोस? हा माझ्या धाकट्याचा हात आहे." ती साहेबांकडे वळली आणि एखाद्या शेजारणीला सांगावं तसं सांगू लागली. "डावखुरा तो. शेजारी बसवून शिकवलं तर जमायचं नाही त्याला. मग मी समोर बसायचे, आरशासारखी. आणि हे बघा, कडेची गाठ मारताना सूत दोनदा फिरवलंय. किती ओरडायचे मी त्याला, सूत फुकट जातं म्हणून. अजून फिरवतो बघा मेला."

धक्क्यावरचे लोक जवळ सरकले. मामाने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं होतं.

"हा धाकटा बोटीवर कामाला आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो, हो," मामा घाईने म्हणाला, "म्हणजे, होता—"

"तो तिकडे आहे," आई म्हणाली. मग तिने थोरल्याकडे बघितलं. "तू भेटलास त्याला."

थोरल्याने मान खाली घातली. हजार माणसांत उघडं पडल्यासारखं त्याला वाटलं. जमलेली माणसं वीस-पंचवीस असतील.

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांना ताप भरत होता. "आजी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? परक्या माणसाने शिवलं आणि यांनी ते लपवलं असं मी लिहिलं, तर जाळं मला न्यावं लागेल. आधीच सांगितलं असतं तर थोडीशी जकात भरून सुटला असतात. मी पुन्हा एकदा विचारतो. तुमची नजर कमी आहे, माणसाची चूक होते. गाठी तुमच्या म्हणालात, तर मी सही करतो आणि जातो."

"सासूबाई," सून म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिचा मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

आईने ठिगळ मांडीवरून काढलं नाही. "तुमच्याच ऑफिसात, साहेब, माझा मुलगा बेपत्ता लिहिलाय," ती म्हणाली. "याच्या वडिलांनी माझ्यासमोर अंगठा उठवला त्याच्यावर. आज मी गाठी माझ्या म्हटल्या, तर तो बेपत्ताच राहायचा. लिहा तुम्ही. कुठे आहे ते याला विचारून घ्या, आणि लिहा."

आणि तिने धाकट्याचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, साहेबांचा हात मागे पडला तर थांबून. इतक्या वर्षांत ते नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. साहेबांनी लिहिलं. मग थोरल्याला बंदराचं नाव विचारलं, शेड कुठली ते विचारलं. थोरल्याने सांगितलं.

पुढचं काम शिपायांचं होतं. त्यांनी जाळ्याची घडी घालायला घेतली. त्यांना ती घालता येईना, तेव्हा मामा आणि दोघं खलाशी पुढे झाले आणि त्यांनीच ती घालून दिली, शिशाच्या गोळ्या आत, दोर वर, व्यवस्थित. आपलं जाळं वाकडंतिकडं जाऊ नये म्हणून. हातगाडी आली. जाळं चढवलं तशी गाडी एका बाजूला कलली, म्हणून थोरल्यानेही खांदा लावला. बायको तोंडाला पदर लावून मासळीच्या टोपल्यांपाशी जाऊन उभी राहिली होती आणि कुणीतरी भाव विचारला तर त्याच्या अंगावर ओरडत होती. लोक पांगले. साहेब शिंकत शिंकत ऑफिसकडे गेले.

आई जिथे बसली होती तिथेच बसली होती. मांडी मोकळी झाली होती, पण हात अजून तसेच.

थोरला तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला खूप बोलायचं होतं. तीन खलाशांचं पोट आता तो कशावर भरणार होता, घरातल्यांना काय सांगणार होता, आणि हे सगळं कुणापायी, तर जो हंडे नळाशी टाकून निघून गेला त्याच्यापायी. इतका राग त्याला आईचा आयुष्यात आला नव्हता.

"आई, जाळं गेलं," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"हंगाम गेला. आता काय करायचं?"

"तू आहेस की," आई म्हणाली. "करशील काहीतरी."

तिने हे इतकं सहज म्हटलं, की तो बघत राहिला. ती त्याच्याशी बोलत होती, पण तिचं लक्ष त्याच्यात नव्हतं. तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता, आणि ओठ काहीतरी विचारायला अधीर झाले होते.

"काय म्हणाला रे?" तिने विचारलं. "माझं काही विचारलं का?"

थोरल्याला काही खोटं बोलायची गरज नव्हती. तिचा तो चेहरा उतरवायला जे घडलं तेवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. टोपल्यांपाशी बायको वळून उभी राहिली होती. मामा दोर गुंडाळता गुंडाळता थांबला होता आणि त्याच्याकडे बघत होता.

"पहिलं तुझंच विचारलं," थोरला म्हणाला. "आई अजून ओरडते का, म्हणाला."

आई हसली. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"मग? तू काय सांगितलंस?"

"आता ओरडत नाही म्हटलं."

"नाही कशी? सांग त्याला, ओरडते म्हणावं. सूत दोनदा फिरवतोस म्हणून ओरडते." तिने उठायला हात पुढे केला. "पुढच्या खेपेला जाशील ना, तेव्हा आठवणीने सांग."

हातगाडी गोदामाच्या दारातून आत गेली होती आणि शिपाई दाराला कुलूप लावत होता. थोरल्याने वाकून आईला उठवलं.

"सांगतो," तो म्हणाला.